रंग वाळेपर्यंत

नर्स तोकिलुपेनं हातमोजे काढले, उलटे करून कागदात गुंडाळले आणि लेसिएलीला नुसत्या डोळ्यांनी दाराकडं बोलावलं. सिलिया चटईवर कुशीला वळून पडली होती. दिवस भरायला अजून महिनाभर होता. पहाटे उठली तेव्हा चादरीवर तळहाताएवढा लाल डाग दिसला. दुखणं नाही, कळ नाही, नुसतं रक्त.

"वार खाली आलीय, मावशी," नर्स हळू म्हणाली. "मुलाच्या वाटेतच आडवी पडलीय. आत्ता थांबलंय, पण पुन्हा जाईल, आणि जाईल ते सांगून जाणार नाही. हिला शहरात, नेइआफूला दवाखान्यात नेऊन ठेवा. पोट कापूनच मूल काढावं लागेल."

"नेऊ की. नाही कोण म्हणतंय?"

"दवाखान्याची गाडी बोलावते मग."

"ती भोंगा वाजवत येणारी?" लेसिएलीनं बेटाच्या रीतीप्रमाणं कपड्यांवरनं कंबरेला गुंडाळलेली चटई घट्ट आवळली. "देवळापासून धक्क्यापर्यंत बायका दारात उभ्या राहतील. माझ्या लेकीचं पोट काय गावाच्या तोंडी द्यायचंय? घरची गाडी आहे आमची."

"घरच्या गाडीची टाकी सडलीय ना?"

"दुसरी आणलीय. बसतेय आता."

तोकिलुपे तिच्याकडं बघत राहिली. ही बाई कुणाचं ऐकत नाही, हे तिला आजचं माहीत नव्हतं. तोकिलुपेच्याच बारशाला हिनं भांडण केलं होतं म्हणतात. "आज, नाहीतर उद्या," ती म्हणाली. "त्यापुढं नको. आणि पुन्हा गेलं तर भोंगा का असेना, मला हाक मारा."

अंगणात निरफणसाखाली गाडी नारळाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवली होती आणि तिच्याखालनं वुनाचे दोन पाय बाहेर आले होते. वुना सिलियाच्या पाठचा. जुनी टाकी त्यानं आदल्या दिवशी उतरवली होती. मासळी भरायला गाडी रोज पार भरतीच्या रेघेपर्यंत न्यायची, मग मिठानं टाकीची चाळण केली होती. पेट्रोल घालावं तेवढं वाळूत. शहरात एक मोडीतली गाडी होती, त्याच जातीची. तिची टाकी शहरातनं रोज येणाऱ्या पावाच्या गाडीवरनं घरी आली होती.

लेसिएली उभी राहिली. पायांशी बोलायचं, पण काय बोलायचं?

त्या घरात पोरगा दहाचा झाला की बाहेरच्या खोपीत झोपायला जाई. बहिणीच्या खोलीत पाऊल नाही, तिच्यादेखत थट्टा नाही, अंगाचं, आजाराचं, नवऱ्याचं अक्षर नाही. हल्ली दुसऱ्यांच्या घरी भाऊ-बहीण एकाच पडद्यासमोर बसून सिनेमे बघतात. लेसिएली तसल्या दारावरनं जाताना तोंड फिरवून थुंकायची. तिची पोरं तशी नव्हती. जावई ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडायला गेला आणि सिलिया बाळंतपणाला माहेरी आली, त्या दिवसापासून वुना जेवायलासुद्धा आत येईनासा झाला. मासा गावला की पोटाकडचा मऊ तुकडा केळीच्या पानात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवायचा. "आई, हे आत दे." कुणाला ते म्हणायचा नाही. हे बघून लेसिएलीची मान ताठ व्हायची.

गावात आणखी तीन गाड्या होत्या. तिन्ही चालवणारे चुलत, मावस. म्हणजे सिलियाचे भाऊच. रक्तानं भिजलेली बहीण भावांच्या गाडीत घालायची? त्यापेक्षा घरची गाडी, ती बाप चालवील.

"गाडी कधी उठेल रे?"

पाय हलले. "कुठं जायचंय?"

"तुझ्या आत्याकडचं लग्न आहे ना. चटया आणि तापा आधी पोचवायचाय." हे तोंडातनं आपोआप आलं. तापा म्हणजे झाडाची साल कुटून केलेलं छापील कापड, आणि बारीक विणीच्या चटया; लग्न म्हटलं की बाईमाणसाला हे न्यायचंच असतं, त्यात कुणाला काय विचारायचं?

वुना सरपटत बाहेर आला. कपाळाला गंजाचं पीठ लागलेलं. "लग्न तर शनिवारी. मग अवकाश आहे की. या खेपेला अशी बसवतो, की समुद्राचे दात पडतील, टाकी नाही."

"लवकर बघ म्हणजे झालं."

"बघतो." आणि तो परत खाली गेला. खाली गेला की गाणं म्हणायचा. देवळातलंच, पण चाल नाचाची.

दुपारपर्यंत बापलेक टाकी धूत होते. वुनानं आत मूठमूठ खडे टाकले, साबणाचं पाणी ओतलं, भोकांना चिंध्या कोंबल्या. मग एका बाजूनं तो आणि एका बाजूनं फेलेती, दोघांनी धरून ती हेलकावायला सुरुवात केली. आत खडे खळाखळा फिरत. फेलेतीला धाप लागली.

"बाबा, जोर लावा. लग्नात डुक्कर उचलताना बरा जोर येतो."

"ते खायला मिळतं. ही टाकी काय देणार मला?"

चिंधी काढली तसं गंजाचं लाल पाणी भसकन बाहेर आलं आणि वाळूत पसरलं. लेसिएली ओट्यावर चटयांसाठी केवड्याची पानं सोलत बसली होती. तिनं तोंड फिरवलं. वुनानं टाकीच्या भोकाला डोळा लावला. "अजून आहे. पाणी पांढरं येईस्तोवर धुवावी लागणार." पुन्हा खडे, पुन्हा पाणी.

"असं किती वेळा?" लेसिएली ओरडली.

"आत कण राहिला तर वाटेत इंजिन गचके खाऊन मरेल. मग तू आणि तुझ्या चटया, बसा रस्त्यात."

तिनं पुढचं पान सोलायला घेतलं. आतनं सिलियाच्या खोकल्याचा आवाज आला. वुनानं लगेच मान खाली घातली, तो आवाज ऐकल्यासारखा दिसू नये म्हणून.

टाकी उन्हात पालथी घातली आणि तो हात पुसत ओट्यापाशी आला. "घाईच असेल तर एक करता येतं, आई. टाकी राहू दे बाजूला. कॅन ठेवायचा पुढच्या सीटपाशी, नळी थेट इंजिनाला. पाना-हातोडीसुद्धा लागत नाही. आत्ता निघशील."

लेसिएलीच्या हातातलं पान तसंच राहिलं. "मग तसंच कर की."

वुना हसला. "आणि तापा? काचा लावल्या की पेट्रोलचा वास असा भरेल, की आत्या पहिल्या वळणावरच ओळखेल, वहिनी आली. मागच्या वर्षी पावाच्या गाडीत कुणाची मासळी होती, तर वास येतो म्हणून तूच तीत बसली नव्हतीस ना? चालत आलीस, चालत."

"मी प्लास्टिकमध्ये गुंडाळीन."

"तू? प्लास्टिकात तापा?" त्यानं आईकडं नीट बघितलं. "काय झालंय गं?"

उन्हात टाकी तडतड वाजत होती. एवढा एकच क्षण होता. एक शब्द, रक्त. पोराचा चेहरा तिच्यासमोर होता, मोकळा, गंजानं माखलेला, आणि या चेहऱ्यावर तो शब्द टाकायचा म्हणजे त्याला बहिणीच्या चादरीपर्यंत हाताला धरून नेण्यासारखं. तो पुन्हा सिलियासमोरनं मान वर करून जाणार नाही. आणि तिनं? आपल्याच तोंडानं, आपल्याच अंगणात?

"काही नाही," ती म्हणाली. "तुला येतं तसं कर. नीट कर."

"मग रंग पण मारतो. लाल, दोन हात."

संध्याकाळी तिनं सिलियाला उकडलेलं कोनफळ भरवलं. सिलियाचे ओठ पांढरे पडले होते, पण बोलणं जागेवर होतं.

"काय सांगितलंस बाहेर?"

"आत्याकडं चटया न्यायच्यात म्हणून."

"कुठल्या चटया? पेटीत दोन आहेत. त्यातली एक उंदरानं खाल्लीय."

"उंदराला काय सांगितलंय मी लग्नाचं?"

सिलिया हसली आणि लगेच पोटाला हात लावला. "नको हसवू. सगळं हलतं." मग म्हणाली, "आई, त्याला कळू देऊ नको हं. मी मेले तरी चालेल, पण वुनाला हे असलं—"

"तोंड सांभाळ. मला शिकवतेस?"

फेलेती दारातच बसला होता. आपली बाई काय ते करते, ही त्याची जन्माची सवय. तरी उठताना तो म्हणाला, "मी सांगून टाकू का पोराला?"

"काय सांगाल? कुठल्या शब्दांत? मला एकदा म्हणून दाखवा बघू."

फेलेतीनं तोंड उघडलं. तो अंधारात पाय चाचपत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वुना रंगवलेली टाकी वर चढवत होता, तो पट्ट्याचा बोल्ट कट्दिशी तुटला. मुंडकं हातात, धड आत. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि पाठोपाठ दुसरंही एक घेतलं. मग तुटका बोल्ट कोरून काढायचा, तसलाच दुसरा पावाच्या गाडीवाल्याकडं मागायचा. पावाची गाडी ऊन चढल्यावर आली. लेसिएली रस्त्यावर उभी राहून तिची वाट बघत होती. या बाईला पावासाठी रस्त्यावर उभं राहिलेलं कुणी बघितलं नव्हतं. गाडीवाल्यानं डबा धुंडाळून बोल्ट दिला आणि म्हणाला, "मामी, लग्नाला एवढी घाई? नवरी पळून जात नाही."

"तुझी जीभ पळतेय आधी. आण तो."

तिनं बोल्ट मुठीत धरून पळत आणला. पळताना तिची कंबरेची चटई सुटली, ती तिनं एका हातानं धरली. शेजारच्या ओट्यावरच्या दोघीतिघींनी बघितलं. बघू दे.

दुपारी टाकी जागेवर गेली. आतला तरंगता काटा बसवला, रबराची नवी चकती बसवली. पट्टे अजून सैल होते. वुनानं खालून बोट लावून रंग बघितला. बोट लाल.

"पट्टा आत्ता आवळला तर रंग सोलून निघेल. निघाला तिथनंच मीठ शिरतं. एक ऊन खाऊ दे." आणि तो झाडाला टेकून बसला. मनासारखं काम झाल्यावर माणूस बसतो तसा.

लेसिएली आत आली. सिलियाजवळ बसली. तिला वारा घालू लागली. ऊन खाऊ दे. ओहोटी लागली होती, बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरल्या होत्या, गाव रिकामं होतं. ती मनात म्हणत होती, रंग वाळला की पट्टे, पट्टे आवळले की नळी, मग पेट्रोल. संध्याकाळच्या घंटेआधी शहरात.

"आई," सिलिया म्हणाली, "अंगाखाली गरम लागतंय."

चादर वर केली. डाग नव्हता आता. सगळंच होतं. चटईच्या विणीतनं ते खाली जमिनीवर उतरत होतं आणि थांबत नव्हतं. लेसिएलीनं हातात आली ती सगळी कापडं दाबली. हाताखालनं ती जड झाली.

"वुना!"

तो धावत आला आणि उंबऱ्यावर थांबला. उंबरा त्याला ओलांडता येईना.

"गाडी काढ!"

"पण रंग—"

"गाडी काढ रे!"

फेलेती आणि लेसिएलीनं सिलियाला चटईसकट उचललं. दारातनं बाहेर काढताना चटईच्या कडेनं धार लागली ती वुनाच्या पायाशी पडली. त्यानं खाली बघितलं. लहानपणापासनं शिकवलं होतं तशी त्यानं मान झटक्यात बाजूला वळवली, आणि मग तो धावला. कॅन उचलला. नळी कापली, एक टोक कॅनमध्ये, दुसरं इंजिनात. जॅकनं गाडी उचलली, ओंडके लाथेनं काढले. फेलेतीनं लेकीचे पाय मागच्या सीटवर घेईपर्यंत इंजिन सुरू झालं होतं.

एवढंच काम होतं. लेसिएलीनं ते बघितलं. एक नारळ सोलायला लागतो तेवढा वेळ.

फेलेतीला गाडी धरवेना. तो पुढं कॅन मांडीवर घेऊन बसला आणि चालवायला वुना. बसल्याबसल्या त्यानं वरचा आरसा हातानं छताकडं फिरवला. मागं बहीण होती.

नर्सला हाक मारायला कुणी उरलं नव्हतं. भोंग्याची गाडी निघून यायची तेवढ्यात आपण पोचतो, असं फेलेती म्हणाला.

रस्ता खड्ड्यांचा, पांढरा. पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. सिलियाचं डोकं लेसिएलीच्या मांडीवर. "थंडी वाजतेय," ती म्हणाली. लेसिएलीनं कंबरेची चटई सोडून तिच्यावर घातली. मग ती म्हणाली, "वुना चालवतोय?"

"हो."

"मग बोलू नको," सिलिया म्हणाली आणि तोंड आईच्या पोटात लपवलं.

खाडीवरच्या पुलाच्या अलीकडं कुठंतरी ते डोकं जड झालं. मूल झोपलं की जड होतं. हे तसं नव्हतं. लेसिएलीनं बोटं तिच्या नाकापाशी नेली. मग गळ्यापाशी. बराच वेळ धरली. पोटावर हात ठेवला. तिथंही आतनं कुणी हाताला हात लावला नाही.

"आई, ती बोलत का नाही?" वुनानं पुढं बघतच विचारलं. बहिणीबद्दल त्यानं असं कधी विचारलं नव्हतं.

"निजलीय."

"निजू देऊ नको. असं निजू द्यायचं नसतं म्हणतात. हाक मार तिला."

गाडीनं पूल ओलांडला. पाणी दोन्ही बाजूंना उथळ, हिरवं, स्थिर.

"मार की हाक!"

"सिलिया," लेसिएली म्हणाली. "ए सिलिया. ऊठ बाळ. आलं शहर. सिलिया."

ती हाका मारत राहिली आणि तो चालवत राहिला. फेलेतीनं एकदा मागं वळून बघितलं, बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि कॅनला दोन्ही हातांनी मिठी मारली. दवाखान्याच्या दारात वुना उतरला, गाडीला पाठ करून उभा राहिला आणि आतल्या माणसांना ओरडून म्हणाला, "लवकर या, निजलीय ती फक्त!"

त्यांनी पोट कापून मूल काढलं. त्याचाही श्वास उरला नव्हता.

मयताला अख्खं गाव आलं, शहरातले आले, शनिवारच्या लग्नाचे लोकसुद्धा आले. चटयांवर चटया पडल्या. आत्या सिलियाच्या डोक्याशी बसली, तो मान तिचा. बायका गात होत्या. लेसिएली भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती. बायका कुजबुजत होत्या की दगड आहे दगड, एक टिपूस नाही.

वुना घरामागं होता. बहिणीच्या मयताला भाऊ आत येत नाही. जमिनीतल्या भट्टीवर, धुरात, डुकरं आणि कंद भाजायला तो. छातीपर्यंत दुखवट्याची फाटकी चटई गुंडाळलेली, केस कापलेले, अंगावर राख.

लेसिएली उठली. गाणं चालू असताना उठली आणि बायकांच्या मधनं वाट काढत मागच्या दारानं बाहेर पडली. भट्टीपाशी पुरुष होते. चुलत, मावस, शेजारी. तिला बघून ते बाजूला सरकू लागले.

"कुणी जाऊ नका," ती म्हणाली. "ऐका तुम्हीपण."

ती वुनासमोर राखेत बसली. आणि तिनं सांगितलं. पहिल्या पहाटेची चादर. तळहाताएवढा डाग. वार म्हणजे काय, ती कुठं असायला हवी आणि कुठं होती. नर्स काय म्हणाली. दुसरं रक्त, ते किती, ते कसं खाली गेलं. ते सगळे शब्द, जे त्या अंगणात कुणी कधी उच्चारले नव्हते, ते तिनं एकेक करून, मोठ्यानं उच्चारले. भावांनी माना खाली घातल्या. एकानं कानांवर हात ठेवले. गाणाऱ्या बायकांचा आवाज थांबला.

"तुझ्या हातात कॅन होता," ती म्हणाली. "मी तापा म्हणाले."

वुना काठीनं तापलेले दगड पसरत होता. हात थांबले नाहीत.

"मी टाकी धूत होतो तेव्हा?"

"हो."

"झाडाखाली बसलो होतो तेव्हा?"

"तेव्हापण."

त्यानं एक दगड फिरवला. मग दुसरा. धूर त्याच्या डोळ्यांत जात होता आणि तो पुसत नव्हता. आई शिव्यांची वाट बघत बसली होती. तिनं आयुष्यात कुणाची शिवी ऐकून घेतली नव्हती, आज घ्यायला आली होती. शिवी आली नाही.

"ते काय होतं?" त्यानं विचारलं. आवाज इतका लहान, की तिला पुढं वाकावं लागलं. "मुलगा?"

"मुलगी."

"तू बघितलीस?"

"मी न्हाऊ घातली तिला."

त्यानं काठी खाली ठेवली. जन्मात पहिल्यांदा तो बहिणीच्या मुलाचं काही विचारत होता, आणि कसं विचारायचं ते त्याला येत नव्हतं.

"कशी होती?"

"केस भरपूर. नाक सिलियाचं." लेसिएलीचा आवाज तिथं पहिल्यांदा फाटला. "कान तुझे होते. असे बाहेर आलेले."

वुनानं राखेचा हात आपल्या कानापर्यंत नेला. तिथंच धरून ठेवला.

"आणखी सांग," तो म्हणाला.